जिम लावली, घाम गाळला, तरी वजन उतरेना: आधी काय काय तपासायचं

"रोज जाऊलालोय की, खरं काटा काय हलेना."

बेळगावातलं शहापूर असो, अनगोळ असो की तिकडं निपाणी, नवीन माणसाच्या तोंडी पाचव्या-सहाव्या आठवड्याला हे वाक्य ठरलेलं. दिवाळीचा फराळ संपला की जिममध्ये एक लाट येते, नव्या वर्षाला दुसरी. वर्षाचं पॅकेज भरलेलं असतं, नवीन बूट घेतलेले असतात, घरात सगळ्यांना सांगून झालेलं असतं. आणि काटा जिथल्या तिथं. काहींचा तर किलोभर वर.

मग माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. ट्रेडमिलची वेळ दुप्पट करतो, भात एकदम बंद करतो, नाहीतर कुणीतरी दिलेल्या 'फॅट बर्नर'च्या गोळ्या सुरू करतो. दोन आठवड्यांत गुडघा दुखतो किंवा डोकं फिरतं आणि जिम सुटते. माझं मत सरळ आहे: वजन न उतरण्याचं कारण जिमच्या चार भिंतींत क्वचित सापडतं. म्हणून आधी काटा तपासा, मग ताट, मग दिवसाचे उरलेले तेवीस तास. व्यायामाला हात सगळ्यात शेवटी लावा. हा क्रम मोडला की नेमकं काय चुकत होतं ते कधीच कळत नाही.

आधी काट्याची उलटतपासणी

पहिल्या तीन-चार आठवड्यांत वजन न हलणं किंवा थोडं वाढणं हा बहुतेक वेळा पाण्याचा खेळ असतो. न वापरलेल्या स्नायूंना अचानक काम लागलं की ते सुजतात, दुखतात आणि पाणी धरून ठेवतात. शिवाय व्यायाम करणारा स्नायू जास्त ग्लायकोजेन, म्हणजे कामासाठी राखून ठेवलेली साखर, साठवतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. आत चरबी अर्धा किलो उतरली आणि वर पाणी किलोभर चढलं, तर काटा वाढच दाखवणार. तो चुकीचं सांगत नाही, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही एवढंच.

मीठ हा दुसरा भाग. रविवारी मटणाचा रस्सा, पापड, लोणचं झालं की सोमवारी सकाळी किलोभर जास्त दिसलं तर घाबरायचं कारण नाही, बुधवारपर्यंत उतरतं. बायकांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात असंच पाणी धरतं. त्यांनी या पाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्याची तुलना मागच्या पाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्याशी करावी, मागच्या आठवड्याशी नको.

तिसरी भानगड काट्यांची. एक दिवस जिममधल्या काट्यावर बूट घालून, एक दिवस औषधाच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर जेवून, एक दिवस घरी. अशी वजनं एकमेकांशी लावायचीच नाहीत. एकच काटा, सपाट फरशीवर, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोज लिहायचं आणि सात दिवसांची सरासरी काढायची. रोजच्या आकड्यावर आनंद नाही, रडणंही नाही.

सरासरी का, ते या आकड्यांवरून दिसेल. पहिला आठवडा: ८४.२, ८३.६, ८४.९, ८४.१, ८३.८, ८५.०, ८४.४. दुसरा आठवडा: ८४.६, ८३.९, ८३.५, ८४.०, ८३.३, ८३.८, ८४.२. पहिल्या दिवशी ८४.२ आणि चौदाव्या दिवशीही ८४.२. म्हणजे दोन आठवडे फुकट? नाही. पहिल्या आठवड्याची सरासरी ८४.३ आहे, दुसऱ्याची ८३.९. आठवड्याला ४०० ग्रॅम उतरतायत आणि हा माणूस जिम सोडायला निघालाय.

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरणं हा चांगला वेग. ८४ किलोच्या माणसाला ४०० ते ८०० ग्रॅम. 'महिन्यात १० किलो' असा बोर्ड कुठं दिसला तर त्याखालून निघून जावं.

काट्याबरोबर टेप ठेवा. कंबर बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, श्वास सोडून मोजायची, दर पंधरा दिवसांनी. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. कंबर कमी होत असेल आणि वजन तिथंच असेल, तर तुमचं काम व्यवस्थित चाललंय. पुढचं वाचायची घाई नाही.

सरासरीही हलली नाही आणि टेपही, असे सलग तीन आठवडे गेले, तर मात्र स्वयंपाकघरात शिरा.

ताट: इथंच बहुतेकांचा घोळ सापडतो

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करणारा, ८४ किलोचा माणूस डोळ्यासमोर धरा. संध्याकाळी ट्रेडमिलवर ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगानं ४५ मिनिटं चालतो. खर्च साधारण २५० कॅलरी. त्यातल्या साठेक तर तो घरी खुर्चीत बसला असता तरी खर्च झाल्याच असत्या. निव्वळ कमाई १९० च्या आसपास. मशीनच्या पडद्यावर याहून मोठा आकडा दिसला तर त्यावर जाऊ नका. पुढचा दांडा धरून चालणाऱ्याला तर मशीन हमखास फसवतं, कारण अंगाचा भार हातांवर गेलेला असतो.

आता हाच माणूस जिममधून बाहेर पडून ज्यूस सेंटरला थांबतो. 'व्यायाम केलाय, अंगात काहीतरी जायला पाहिजे' म्हणून बनाना शेक. पाव लिटर म्हशीचं दूध म्हणजे २४० कॅलरी, दोन केळी २००, तीन चमचे साखर ६०. पाचशे. पाऊण तासाची कमाई पाच मिनिटांत गेली, वर तीनशे उधारी. किलोभर चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. रोज तीनशे जास्त गेल्या तर महिन्याभरात किलोभर वाढायलाच पाहिजे, आणि वाढतं.

शेक तरी दिसतो. चहा दिसत नाही. सकाळी उठल्यावर एक, कंपनीत दोन, घरी आल्यावर एक, कुणी भेटलं की कट्ट्यावर एक. प्रत्येकात दोन चमचे साखर. एका चमच्याला २० कॅलरी, दिवसाच्या २००, महिन्याच्या ६,०००, आणि दूध अजून धरलेलंच नाही. सहा हजार म्हणजे पाऊण किलोहून जास्त चरबी, नुसत्या साखरेतून. चहा सोडू नका, तो आपल्याकडं सुटणारही नाही. साखर एक चमच्यावर आणा, दहा दिवसांत जीभ वळते. आणि गुळाचा चहा म्हणजे वजनाचा चहा नव्हे. गूळ आणि साखर, कॅलरीत फरक नावापुरता. चिकोडी-निपाणीकडचा गूळ कितीही चांगला असला तरी.

तेल मोजायची माझी एक सोपी रीत आहे. चमचे मोजायच्या भानगडीत पडू नका, घरातल्यांशी भांडण होतं. तेलाचा पाच लिटरचा डबा कधी फोडला ती तारीख डब्यावरच पेननं लिहा. चार माणसांच्या घरात तो महिन्यात संपला तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पडलं, म्हणजे ३४० कॅलरी. माणशी रोज २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायचं तर तोच डबा दीड महिना पुरला पाहिजे. बाहेरचे वडे, भजी, मिसळीची तर्री यात धरलेली नाही. आईला किंवा बायकोला 'तेल कमी घाल' म्हणण्यापेक्षा डब्यावरची तारीख दाखवली की विषय लवकर पटतो. खरं तर फोडणीचं तेल स्वतः घालायला शिकलात तर आणखी लवकर पटेल, कारण स्वयंपाक एकानं करायचा आणि वजन दुसऱ्यानं उतरवायचं हा प्रकार फार दिवस चालत नाही.

'हेल्दी' म्हणून खाल्लेलं वेगळंच. मूठभर शेंगदाणे, चार खजूर, मधाचं पाणी, भाकरीवर शेंगाची चटणी आणि तेल. यातलं काहीच वाईट नाही. पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि टीव्ही बघत खाल्ले तर १०० ग्रॅम कधी संपले ते कळत नाही. वाटीत काढून घ्या, डबा परत कपाटात.

भाकरी की चपाती की भात, या वादात मी पडत नाही. ज्वारीच्या भाकरीत तंतू जास्त, ती चावायला वेळ लागतो, पोट लवकर भरतं, म्हणून ती बरी. पण चार भाकऱ्या त्या चार भाकऱ्याच. आणि भात ज्याला आवडतो त्यानं तो बंद केला की पंधरा दिवसांनी एखाद्या लग्नात तीन वेळा घेतो. ताटातला भात एका वाटीवर आणा, आमटी दोन वाट्या करा, कोशिंबीर वाढवा. बेळगाव बासमतीचा वास घेऊन एका वाटीवर थांबणं अवघड आहे, कबूल. म्हणून वाटी आधी भरायची आणि पातेलं आत न्यायचं.

प्रथिनांकडं मात्र जास्त लक्ष द्या, कारण आपल्या ताटात ती खरोखर कमी असतात. तीन भाकऱ्या, वाटीभर आमटी, थोडा भात, चहातलं दूध यांची बेरीज जेमतेम ४० ग्रॅम होते. वजन कमी करताना व्यायामही करणाऱ्यानं, ज्या वजनावर यायचंय त्याच्या किलोमागं १.२ ते १.६ ग्रॅम धरावीत. ७० किलोवर यायचं असेल तर किमान ८४ ग्रॅम. ती भरून काढायला महागडा डबा लागतोच असं नाही. तीन अंडी १८, वाटीभर दही ७, मसुराची घट्ट उसळ १०, तीस ग्रॅम सोया चंक्स १५. एवढ्यात नव्वदच्या घरात जाता. प्रथिनं पुरेशी गेली की रात्री नऊला भडंगाच्या डब्याकडं हात जायचं प्रमाण आपोआप कमी होतं, आणि उतरणाऱ्या वजनात स्नायू कमी, चरबी जास्त जाते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही.

आता यात्रा. बेळगाव-खानापूरच्या खेड्यांत महालक्ष्मीची यात्रा भरली की जेवणाचं बोलावणं एका घराचं नसतं. मित्र, पाहुणे, कंपनीतले, सगळ्यांच्याच घरी. 'नुसतं तोंड दाखवून जा' म्हणतात आणि ताट वाढलेलं असतं. इथं डाएट सांगणाऱ्याला कुणी उभं करत नाही आणि करूही नये. एक घर ठरवा, तिथं नीट जेवा, बाकीच्या घरी रस्सा आणि दोन फोडी, भात नको म्हणायचं. मटणाला नाही म्हटलं तर राग येतो, भाताला नाही म्हटलं तर येत नाही. दुसऱ्या दिवशी उपास करू नका आणि तीन दिवस काट्यावर चढू नका. कुंद्याचंही, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचंही, तेच. पाहुण्यानं आणला तर चमचाभर खावा, डबा शेजाऱ्यांना द्यावा. घरात ठेवलेला कुंदा रात्री अकराला हाक मारतो.

सणाच्या दोन दिवसांनी वजन अडत नाही. त्या दोन दिवसांच्या आधी आणि नंतरचे जे पंधरा दिवस 'आता काय, सण आलाच आहे' म्हणून जातात, त्यांनी अडतं.

उरलेले तेवीस तास

हा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही. जिम सुरू झाली की माणूस नकळत बाकीची हालचाल कमी करतो. आधी भाजीला चालत जायचा, आता 'पाय दुखतायत' म्हणून गाडी काढतो. आधी दुपारी पडत नव्हता, आता तासभर झोपतो. सकाळच्या व्यायामानं मिळवलेलं दिवसभर बसून घालवतो. मोबाइलमधला पावलांचा आकडा जिम लावण्याच्या आधीचा आणि आताचा असे दोन्ही बघा. कमी झाला असेल तर बिघाड सापडला. दहा हजारच पाहिजेत असं काही नाही. आहेत त्यात दोन हजार वाढवणं म्हणजे वीसेक मिनिटांचं चालणं. टिळकवाडीवाल्यांना व्हॅक्सीन डेपोचं मैदान आहे, किल्ला तलावाजवळ राहणाऱ्यांना तलावाची फेरी आहे. जेवणानंतर गल्लीत दहा मिनिटं फिरलात तरी चालेल.

पावसाळ्यात हे सगळं बंद पडतं. जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूरच्या बाजूला, पाऊस धरला की दिवसेंदिवस सोडत नाही. फिरणं बंद, जिमला जायचा कंटाळा आणि कांदाभजी सुरू. या चार महिन्यांसाठी घरातला व्यायाम आधीच ठरवून ठेवा: खुर्चीवर बसून-उठून वीस, भिंतीला टेकून जोर दहा, जिना चढ-उतार पाच मिनिटं, असे तीन फेरे. तालमीत वाढलेल्यांना हे पोरखेळ वाटेल, त्यांनी आपल्या जोर-बैठका काढाव्यात.

झोपेचं गणित शिफ्टवाल्यांना जास्त लागू आहे. झोप सहा तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती भूक काकडीची नसते. नाइट शिफ्ट संपवून सकाळी सातला थेट जिममध्ये जाऊन वजनं उचलणारे मी बघतो. कौतुक वाटत नाही. आधी झोपा, दुपारी उठून शिफ्टच्या आधी जा. नाइटच्या आठवड्यात दोनच दिवस झाले तरी पुरेत.

आता जिमच्या आत

दोन चुका सारख्या दिसतात.

पहिली, नुसती ट्रेडमिल. वजन कमी करायचं म्हणून कार्डिओच (चालणं, धावणं, सायकल) करायचा आणि वजनं उचलली की 'अंग भरेल', ही समजूत. कमी खाऊन नुसतं चाललात तर चरबीबरोबर स्नायूही जातात, माणूस बारीक होतो पण पोट राहतं. बायकांना वाटतं डंबेल उचलले की दंड पुरुषासारखे होतील. पुरुषांचेच होत नाहीत इतक्या सहज, वर्षानुवर्षं घासावं लागतं.

दुसरी, दुसऱ्याचं वेळापत्रक उचलणं. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळं सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं सगळीकडं दिसतात. पहाटे पाचला रस्त्यावर धावणारी. त्यांना १६०० मीटर वेळेत मारायचे असतात, वय अठरा-वीस, वजन साठच्या आत. चाळिशीचा, नव्वद किलोचा माणूस त्यांच्या मागं धावायला लागला की महिन्यात नडगी आणि गुडघे बोलायला लागतात. त्याला धावायची गरजच नाही. झपझप चालणं, सायकल, ट्रेडमिलला थोडा चढ, एवढं पहिले तीन महिने पुरतं. राजहंसगड किल्ल्याचा चढ रविवारी चालत चढा हवं तर, धावत नको.

नव्या माणसानं पहिला महिना आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून जावं. प्रत्येक दिवशी सगळ्या अंगाचा व्यायाम. 'आज चेस्ट, उद्या बायसेप' हे अजून दूर आहे. खुर्ची किंवा बाकावर बसून उठण्यापासून सुरू केलेले स्क्वॉट, चेस्ट प्रेसचं मशीन किंवा उंच बाकावर हात टेकून जोर, लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडं ओढणं), बसून केबल ओढणं, हलक्या डंबेलनं कमरेतून वाकून उभं राहणं, आणि थोडा प्लँक (कोपरांवर अंग सरळ ताठ धरणं). प्रत्येकाचे दोन सेट, १० ते १२ वेळा. सेट संपताना 'अजून दोन-तीन निघाले असते' असं वाटलं पाहिजे. दोन्ही सेटमध्ये १२ आरामात निघायला लागले की पुढच्या वेळी एक टप्पा वजन वाढवा. कुठल्या दिवशी किती उचललं ते वहीत लिहा, कारण सहाव्या आठवड्यात काटा रुसलेला असताना वहीतला १० किलोचा २० झालेला दिसतो, आणि तेवढ्यावर माणूस टिकतो. शेवटी १५ ते २० मिनिटं चालणं. एवढंच. तासाच्या आत बाहेर.

ट्रेनरनं पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढायला लावल्या तर नाही म्हणा, पैसे तुम्ही भरलेत. आपल्याकडं 'अंग मोडल्याशिवाय जमत नाही' हे तालमीपासून चालत आलंय, पण तालमीतला वस्तादसुद्धा नव्या पोराला महिनाभर माती उकरायलाच लावायचा.

पोटाचे व्यायाम करून पोट कमी होत नाही. रोज दोनशे क्रंचेस मारले तरी चरबी शरीर आपल्या क्रमानं काढतं, आणि पुरुषांच्या पोटाची पाळी बहुतेक शेवटी येते.

दुखतंय, पण कोणतं दुखणं?

व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखणं, जिना उतरताना मांड्या बोलणं, हे साधं. हलकं चालल्यानं बरं वाटतं, चौथ्या दिवशी जातं. सांध्यात एकाच ठिकाणी टोचणारं, सूज आणणारं किंवा गुडघा अडकवणारं दुखणं वेगळं. ते अंगावर काढायचं नाही, तो व्यायाम थांबवायचा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फार जास्त व्यायाम झाल्यावर स्नायू फुगून ताठ झाले आणि लघवी कोकाकोलासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर येतं. हे कमी लोकांना होतं, पण जोशात केलेल्या पहिल्या आठवड्यातच होतं.

सकाळी उपाशीपोटी चक्कर येत असेल तर अर्धा तास आधी केळं खा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामानं साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना आधी सांगा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. बीपीवाल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडून धरायचा नाही, उचलताना सोडायचा. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, न थांबणारी धाप यापैकी काही झालं तर मशीनवरून उतरा आणि कुणालातरी बरोबर घेऊन हॉस्पिटलला जा. गाडी स्वतः चालवत नको.

डबे, गोळ्या आणि पट्टे

घामाचा पट्टा पोटाला बांधून पोट उतरत नाही, पाणी उतरतं, आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येतं. फॅट बर्नरमध्ये बहुतेक भरपूर कॅफिन असतं. झोप उडते, छाती धडधडते, चरबी तिथंच. प्रोटीन पावडर हे औषध नव्हे, दूध-अंडी जमत नसतील त्यांची सोय. घ्यायचीच असेल तर डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा खातं) परवाना क्रमांक आहे का ते बघा, आणि कागदाच्या पुडीत सुटी मिळणारी तर अजिबात घेऊ नका. 'तीन महिन्यांत कटिंग', म्हणजे चरबी उतरवून स्नायू दिसतील, म्हणून कुणी इंजेक्शन दाखवलं तर ती जिमच बदला.

सगळं तपासलं, तरी सरासरी हलेना

समजा तीन आठवडे सरासरी लिहिली, चहाची साखर उतरवली, तेलाचा डबा दीड महिन्यावर नेला, पावलं वाढवली, तरी आकडा तोच. मग एकाच वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा. रात्रीच्या जेवणातली एक भाकरी कमी, किंवा आठवड्याला दोन संध्याकाळी अर्धा तास जास्त चालणं. दोन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही. पहिले पाच-सहा किलो उतरल्यावर वेग मंदावतो तेही साहजिक आहे. हलक्या शरीराला तीच हालचाल स्वस्तात पडते. अशा वेळी दोन आठवडे आहे ते वजन राखून पुन्हा सुरू केलं तरी बिघडत नाही.

काही कारणं मात्र ताटात किंवा जिममध्ये नसतात. थकवा, केस गळणं, थंडी सहन न होणं आणि वजन वाढणं एकत्र असेल तर थायरॉईडची तपासणी. पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असतील तर पीसीओडीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ. रात्री मोठं घोरणं आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी असेल तर झोपेची तपासणी. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधं वजन वाढवतात, ती मनानं बंद करायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं. दवाखान्यात जाताना दोन महिन्यांची आठवडी सरासरी, कंबरेची मापं आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. "काय खाता" या प्रश्नाला "काहीच नाही हो" असं उत्तर देऊन तपासणीचे पाच मिनिटं वाया जातात, त्याऐवजी तो कागद पुढं करा.